सव्वासहाची मुंबई

एका दिवसात मुंबई करून येणारा गृहस्थ पुण्यापासून मनमाडपर्यंत सगळीकडे आढळतो. पण त्याचा अस्सल नमुना नाशिकचा. पुणेकराला डेक्कन क्वीन 1930 पासून मिळालेली आहे आणि ती चुकली तर मागून दुसरी काहीतरी असते, म्हणून त्याच्या सहलीत थोडा सैलपणा येतो. नाशिकहूनही मुंबईला दिवसभर गाड्या आहेत, परंतु त्यांतल्या बऱ्याच उत्तरेकडून येतात आणि भरून येतात. त्यामुळे नाशिककराची सारी भिस्त 1975 साली सुरू झालेल्या पंचवटी एक्सप्रेसवर. ही गाडी मनमाडहून निघून सातच्या सुमारास नाशिकरोडला येते, अकराच्या आत मुंबईला पोचते आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास परत निघते. मधल्या सात-साडेसात तासांत जे मावते त्याला तो मुंबई म्हणतो.

निव्वळ फिरायला म्हणून हा गृहस्थ कधीच जात नाही. त्याला एक ‘मुख्य काम’ लागते. मंत्रालयातली एखादी फाइल, पुतण्याचा व्हिसा, कोणाचे तरी रिपोर्ट मोठ्या डॉक्टरांना दाखवणे, यांपैकी काहीही चालते. मुख्य काम ठरले की त्याच्याभोवती उपकामे जमू लागतात. शेजारच्या काकूंना क्रॉफर्ड मार्केटातला सुकामेवा हवा असतो. जावयाच्या मिक्सरचा एक भाग लोहार चाळीतच मिळतो असे कोणीतरी सांगितलेले असते. आदल्या रात्री तो एका पाठकोऱ्या कागदावर यादी करतो. मोबाइलवर यादी करता येते हे त्याला ठाऊक आहे; पण मोबाइलवरल्या ओळीवर पेनाने काट मारता येत नाही, आणि काट मारणे हेच त्याचे खरे सुख.

सामानात बाटली, घडीची छत्री, दोन रिकाम्या पिशव्या, घरची पोळी-भाजी आणि नाशिकचा चिवडा असतो. चिवड्याचे पाकीट कोणासाठी हे ठरलेले नसते. साहेब भेटले तर साहेबांना, डोंबिवलीच्या आतेभावाकडे जाणे झाले तर त्याला, नाहीतर येताना गाडीत. बहुतेक वेळा ते गाडीतच संपते.

नाशिकरोड स्टेशन शहरापासून नऊ-दहा किलोमीटर दूर असल्याने घरातून साडेपाचलाच निघावे लागते, आणि तो पाचलाच निघतो. गाडीत त्याचा पहिला सामना पासवाल्यांशी होतो. ही मंडळी रोज जाणारी. त्यांचे डबे, जागा आणि पत्त्यांचे डाव वर्षानुवर्षे ठरलेले. त्यांच्यापैकी कोणी नजर दिली, की हा लगेच ‘अंधेरीला उतरायचं तर दादरला बदलू की ठाण्याला?’ असे काहीतरी विचारतो. अंधेरीला त्याला जायचे नसते. मुंबईचे रेल्वेमार्ग आपल्याला कळतात एवढेच दाखवायचे असते.

कल्याण गेले की प्रश्न उभा राहतो: दादरला उतरायचे की शेवटपर्यंत जायचे? दोन्ही बाजूंनी सबळ मुद्दे आहेत आणि ठाण्यापर्यंत तो ते सगळे मोठ्याने मांडतो. बायको बरोबर असेल तर ती एवढेच म्हणते, ‘दादरला हिंदमाता आहे.’ त्यावर ‘ते येताना करू’ असा निकाल लागतो आणि गाडी शेवटपर्यंत नेली जाते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला तो अजून व्हीटी म्हणतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून बांधलेली ही इमारत 1888 मध्ये पुरी झाली आणि 2004 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. जगभरचे लोक ती पाहायला येतात. हा गृहस्थ तिच्यातून दिवसाला दोनदा जातो आणि दोन्ही वेळा इंडिकेटर पाहतो.

मुख्य काम मंत्रालयातले असेल तर पहिला फटका इथेच बसतो. सर्वसामान्यांना तिथे दुपारनंतर, साधारण दोनला आत सोडतात. म्हणजे अकरा ते दोन हे तीन तास त्याला एकदम मोकळे सापडतात. दुसऱ्या कोणाला याचा वैताग येईल. याला ते घबाड वाटते. तीन तासांत तो क्रॉफर्ड मार्केट, मंगळदास मार्केट, लोहार चाळ, मुंबादेवी आणि गेटवे बसवतो. मुंबईच्या भूगोलाबद्दल त्याचा एकच सिद्धान्त आहे: सगळे वाटेवरच आहे. मुंबादेवीहून गेटवेला जाताना वस्तुसंग्रहालय वाटेवर, वस्तुसंग्रहालयाच्या दारात गेलेच तर जहांगीर आर्ट गॅलरी वाटेवर, आणि फोर्टातून मंत्रालयात जायला, थोडा वळसा घेतला तर, मरीन ड्राइव्हही वाटेवर. टॅक्सी मात्र वाटेवर नसते. ‘पाच मिनिटांचं तर अंतर’ म्हणून तो चालतो, आणि बरोबरची माणसे त्याच्यामागून वीस पावलांच्या अंतराने चालतात.

बाजारातले त्याचे वर्तन स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कुठल्याही वस्तूचा भाव ऐकला की तो आधी नाशिकच्या मेन रोडचा भाव मनात आठवतो, तोंडाने मात्र भद्रकालीचा सांगतो. दुकानदाराला भद्रकाली कुठे आहे हे माहीत नसते आणि ते जाणून घेण्याची त्याची इच्छाही नसते. घासाघीस होऊन चाळीस रुपये सुटतात. संध्याकाळपर्यंत अशी बचत चारशेच्या घरात जाते. गाडीभाडे या हिशेबात धरत नाहीत, कारण ‘जायचंच होतं’. आणि त्याने उराशी धरून आणलेल्या चादरीवर घरी गेल्यावर मालेगावचा शिक्का सापडणे हे अगदी शक्य आहे.

गेटवे ऑफ इंडिया तो पाहतो, असे म्हणता येईल. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी 1911 मध्ये आले त्याची ही आठवण, आणि ती बांधून पुरी व्हायला 1924 उजाडले. ही माहिती तो पुतण्याला चालता चालता देतो. तेरा वर्षे उशीर झाला हे सांगताना त्याच्या आवाजात सार्वजनिक कामांबद्दलचा जुना अनुभव असतो. कमानीपुढे एक फोटो, ताजपुढे एक, मग लाँचवाल्यांकडे घारापुरीची चौकशी. जायला तासभर, यायला तासभर हे ऐकून तो मनात सव्वासहातून वजाबाकी करतो आणि ‘पुढच्या खेपेला’ म्हणतो. घारापुरी त्याच्या पुढच्या खेपेत कित्येक वर्षे आहे.

ही वजाबाकी समजल्याशिवाय हा माणूस समजत नाही. इतरांचा दिवस सकाळकडून संध्याकाळकडे जातो. त्याचा सव्वासहाकडून मागे येतो. सव्वासहाची गाडी म्हणजे साडेपाचला फलाटावर, साडेपाचला फलाटावर म्हणजे पाचला स्टेशनात, आणि मधे लोकल बंद पडू शकते म्हणून सगळे साडेचारला आटोपलेले बरे. मंत्रालयात काम झाले की उरले दीड-दोन तास. साहेब अर्थातच मीटिंगमध्ये असतात. अर्ज आवक-जावक कक्षात देऊन त्यावर शिक्का घेतला, की मुख्य काम झाले असे तो धरतो आणि यादीवर सगळ्यात जाड रेघ तिथे मारतो.

मग दादर. हिंदमाताला बायकोला पंचवीस मिनिटे मिळतात. तिथली साड्यांची आणि कापडाची दुकाने पाहता पंचवीस मिनिटांत फक्त काउंटरपर्यंत पोचता येते. तरीही ती दोन ड्रेसपीस घेते. कुठल्या दुकानात जायचे आणि कुठला रंग घ्यायचा हे तिने आठ दिवसांपूर्वीच ठरवलेले असते. या सहलीत नियोजन म्हणण्यासारखे काही असेल तर ते एवढेच, आणि ते कागदावर नसते.

खरे तर पंचवटी परतीच्या वाटेवर दादरला थांबते. तिथेच चढले तर अर्धा-पाऊण तास वाचेल आणि एक साडीही होईल. पण जागा आरक्षित असतानासुद्धा ‘मुळापासून बसलेलं बरं’ या तत्त्वाने तो सर्वांना गर्दीच्या वेळी उलट्या लोकलने परत व्हीटीला नेतो. गाडी लागण्याआधीच तो फलाटावर डबा कुठे येणार त्याचा अंदाज घेऊन उभा राहतो. डबा दहा पावले पुढे लागतो. सकाळची पोळी-भाजी इथे उघडते, कारण दुपारी उभ्याने खाल्लेल्या वडापावानंतर तिला वेळच मिळालेला नसतो.

डोंबिवलीच्या आतेभावाला फोन करण्याची वेळ ठरलेली आहे. गाडी कल्याण सोडते, तिने थोडा वेगही घेतलेला असतो, तेव्हा. ‘अरे, तुझ्याकडे यायचं अगदी नक्की होतं!’ पलीकडून ‘मग उतरायचं ना’ असे म्हटले जाते. तोवर ते अशक्य झालेले असते आणि दोन्ही बाजूंना हायसे वाटते. आतेभाऊही नाशिकला आला की हाच फोन इगतपुरी गेल्यावर करतो.

कसाऱ्याला घाट चढण्यासाठी गाडीला बँकर इंजिने लागतात. हा थांबा हिशेबाचा. यादी बाहेर निघते, काट मारलेल्या ओळी मोजल्या जातात. अकरांपैकी आठ झाली तर सहल उत्तम, सात झाली तर ‘मंगळवार होता, गर्दी होती’. मिक्सरचा भाग आणलेला असतो, पण तो दुसऱ्या मॉडेलचा. हे मात्र नाशिकला गेल्यावरच कळते.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांना मुंबईचे वर्तमान सांगतो: गर्दी वाढली, माणुसकी अजून आहे, भुयारी मेट्रो झकास. मेट्रोत तो बसलेला नसतो. जिन्याने खाली जाऊन, गारवा खाऊन वर आलेला असतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून या जातीत मोटारवाल्यांचा एक उपप्रकार निघाला आहे. त्याला सव्वासहाचे बंधन नाही. पण पार्किंग शोधण्यातच त्याचे दोन तास जातात, आणि आठ कामांचा पल्ला त्याने अद्याप गाठलेला नाही.

अशा गृहस्थाबरोबर जाण्याची पाळी आली तर चपला नव्हे, बूट घालावेत आणि पाण्याची बाटली स्वतंत्र ठेवावी. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि राणीची बाग बुधवारी, हे आदल्या रात्री, यादी लिहिली जात असतानाच त्याच्या कानावर घालावे. गाडीत बसल्यावर सांगितले तर तो ‘बघू तरी’ म्हणतो, आणि बंद फाटकापर्यंत चालत नेतो.