शांततेची रंगीत तालीम

ज्याला शांतता प्रिय आहे त्यानं काष्टीत घर बांधू नये, आणि बांधलंच तर बाजारतळाच्या बाजूला खिडकी काढू नये. मी दोन्ही केलं. जागा स्वस्तात मिळाली होती. का मिळाली, ते पहिल्या शनिवारी कळलं.

काष्टीचा जनावरांचा बाजार शनिवारचा असला तरी तो येतो शुक्रवारी रात्री. टेम्पो लागतात, फळ्या पडतात, म्हशी उतरतात. उतरताना म्हैस एक शब्द बोलते, उतरवणारा चार. उजाडेपर्यंत दावणी लागलेल्या असतात. पहिलारू गाई, गाभण म्हशी, खोंडं, शेळ्या, बोकड. त्यांच्यामागं हेडी, हेड्यांमागं दलाल आणि सगळ्यांमागं भज्यांची कढई. एकच गोष्ट तिथं बिनआवाजाची, ती म्हणजे सौद्याचा आकडा. तो रुमालाखाली बोटं धरून ठरतो. म्हणजे जे ऐकून माझी थोडी तरी करमणूक झाली असती, तेवढंच नेमकं गुपचूप.

जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना ‘शांत बसा’ म्हणण्यात माझी नोकरी संपली. निवृत्तीनंतर निदान आपण तरी शांत बसावं, एवढीच इच्छा उरली होती. ती पुण्यातल्या मुलाला बोलून दाखवली, तर त्यानं मोबाइलवर ग्रीसची बेटं काढली. पांढरी घरं, निळे घुमट, खाली समुद्र. सँटोरिनी. मी म्हटलं, ठरलं. तो म्हणाला, “बाबा, तिथं इतकी गर्दी की क्रूझवाल्यांवर २०२५ पासून मर्यादा घातलीय. दिवसाला ८,००० माणसं.” जिथं मर्यादाच ८,००० आहे, तिथं जायला मला विमान कशाला? माझी खिडकी होती.

मग त्यानं सँटोरिनीच्या पूर्वेचं अनाफी दाखवलं. वस्ती जेमतेम तीनशेच्या आसपास. खाली बंदर, वर डोंगरावर एक गाव, आणि बेटाच्या टोकाला समुद्रातून सरळ वर आलेला कालामोस नावाचा कडा, चारशे मीटरहून उंच. ग्रीक पुराणातले अर्गोनॉट खलाशी अंधारात भरकटले, तेव्हा अपोलोनं उजेड पाडून त्यांना हे बेट दाखवलं म्हणे. मला मुलानं मोबाइलच्या उजेडात दाखवलं. मी त्याच रात्री उन्हाची टोपी मागवली.

पुढं वाचता वाचता एक अडचणीची माहिती हाती लागली. १९३०च्या दशकात, मेटाक्सासच्या हुकूमशाहीत, ग्रीक सरकार राजकीय विरोधकांना याच अनाफीवर हद्दपार करून ठेवत असे. म्हणजे त्या बिचाऱ्यांना शिक्षा म्हणून जे फुकट मिळालं, त्यासाठी मी माणशी ९० युरो नुसती व्हिसाची फी भरणार होतो. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

कागदपत्रांचं काम मात्र उत्साहानं काढलं. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, बँकेचे उतारे लागतात, आणि मुख्य म्हणजे आपण परत येणार हे पटवावं लागतं. मी सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करायला बसलो. ‘सामाईक विहीर, हिस्सा एक चतुर्थांश’ इथपर्यंत निभावलं. मग ‘पोटखराबा’ आला. तो इंग्रजीत उतरवला तेव्हा वाचणाऱ्याला माझ्या जमिनीपेक्षा माझ्या प्रकृतीचीच काळजी वाटली असती.

“परत येण्याचा पुरावा म्हणून म्हशीचा फोटो लावा,” बायको म्हणाली.

म्हशीचा विषय तिनं काढला तो सोडलाच नाही. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून अनाफीला बोट जाते, पण फेऱ्या मोजक्या. आणि उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा जोरात सुटला की बोटी बंदरातून हलत नाहीत, हे मीच तिला कौतुकानं सांगून बसलो होतो. “म्हणजे वारा पडेपर्यंत आपण तिकडं,” ती म्हणाली, “आणि हिची धार काढायला कोण, अपोलो?”

शेवटी मुलानं तोड काढली. “बाबा, एवढा खर्च करण्याआधी एक दिवस एकटे राहून तर बघा. कुणाशी बोलायचं नाही, कुठं डोकं घालायचं नाही. जमलं तर फाइल पाठवू.” रंगीत तालीम म्हणून मी पेडगाव निवडलं. आमच्याच श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेच्या काठाचं, किल्ल्यात ओस पडलेली जुनी देवळं असलेलं. आणि दिवस शनिवारच. बायकोनं डबा हातात दिला आणि म्हणाली, “वेड पांघरून पेडगावला जातात म्हणे. तुम्हाला पांघरायचीसुद्धा गरज नाही.”

त्या म्हणीमागं सांगतात ती हकिकत मी चौथीला रंगवून सांगायचो. १६७४ साली इथं मोगलांचा सुभेदार बहादूरखान कोकलताश तळ देऊन होता. मराठ्यांची एक लहान तुकडी समोर आली, खान सगळी फौज घेऊन तिच्या मागं धावला, आणि दुसऱ्या मोठ्या तुकडीनं मोकळ्या तळावरून एक कोट रुपये आणि दोनशे घोडे नेले. सांगताना मी नेहमी मराठ्यांच्या बाजूनं असायचो. त्या दिवशी मोटारसायकलवर, उन्हाच्या टोपीत, मुलानं दिलेल्या सुती ग्रीक पाटलोणीत, नाकाला पांढरं क्रीम लावून मी ज्या विश्वासानं निघालो होतो, तो विश्वास बहादूरखानाचा होता.

पोचलो तेव्हा किल्ल्यात खरोखर कुणी नव्हतं. लक्ष्मीनारायणाच्या देवळावरचं कोरीवकाम बघितलं, मल्लिकार्जुनाला हात जोडले, भीमेचं पाणी वर चढवणाऱ्या हत्तीमोटेचे अवशेष बघितले. पुढं गेलो आणि पाय थांबले. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला पकडलेल्या संभाजीमहाराजांना औरंगजेबापुढं आणलं ते इथं, या बहादूरगडाच्या छावणीत. आता याला धर्मवीरगड म्हणतात. हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं, आणि आज तालमीची जागा निवडताना ते माझ्या डोक्यात कुठंच नव्हतं. टोपी काढली. रुमालानं नाकावरचं क्रीमही पुसून टाकलं.

मग नदीच्या बाजूला एका लिंबाखाली जाऊन बसलो. मोबाइल बंद करायचा ठरला होता, पण बायकोचा फोन आला तर, म्हणून चालूच ठेवला. पाणी, वारा, एक खंड्या. हेच ते. असंच अनाफीला असणार. मी डोळे मिटले.

“मोजणीला आले का सायेब?”

समोर शेळ्या घेतलेला एक म्हातारबा. मी मान हलवून नाही म्हटलं. बोलायचं नाही असं ठरलं होतं ना.

“मग रस्त्याचं काम निघालंय का?” पुन्हा मान हलवली. त्यानं मला नीट न्याहाळलं, माझ्याकडून नदीकडं बघितलं, नदीकडून माझ्याकडं बघितलं, आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाला, “घरी काय झालं का?”

आता बोलणं भाग होतं. मी म्हटलं, तसं काही नाही, शांत बसायला आलोय. हे ऐकल्यावर त्याची खात्रीच पटली. त्यानं लांबच्या वावरातल्या एकाला हाक मारली. त्यानं येताना दुसऱ्याला आणलं. माझ्यासाठी पाणी आलं. माझ्या एका बाजूला एक जण असा बसला की नदी आणि मी यांच्यामध्ये तो यावा. “कर्ज सगळ्यांनाच असतं,” तो म्हणाला. मी सांगितलं, मला पेन्शन आहे. “मग तर जीव सांभाळायलाच पाहिजे.”

“गाव कुठलं?” म्हातारबानं विचारलं.

“काष्टी.”

सगळे गप्प झाले. शनिवार, आणि काष्टीचा माणूस बाजार सोडून नदीकाठी एकटा. त्यांच्या दृष्टीनं पोलिसपाटलाला कळवण्याइतकं प्रकरण गंभीर झालं होतं. माझी पाटलोण बघून एक जण हळूच दुसऱ्याला म्हणालासुद्धा, “कपडेबी दवाखान्यातलेच दिसत्यात.”

मला वाचवलं ते एका शेळीनं. ती माझ्या डब्यापाशी आली, म्हातारबा तिला ओढायला लागला आणि सवयीनं म्हणाला, “काष्टीचे ना? मग सांगा बरं, हिचं काय यील?”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण इतकी वर्षं खिडकीतून फुकट शिकलेलं शास्त्र कधी तरी वापरायची वेळ येते. मी शेळीचा ओठ वर केला. चार दाती. कास बघितली, पाठीवरून हात फिरवला, पुढचे पाय बघितले. दुसऱ्या वेताची असणार म्हटलं, तर म्हातारबा म्हणाला, “बरोब्बर.” मघापर्यंत माझ्याकडं रोगी म्हणून बघणारे लोक सरकून बसले. त्यांतला एक तरुण म्हणाला, सकाळी काष्टीच्या बाजारातच गेलो होतो, शेळी पटली नाही म्हणून हात हलवत परत आलो. म्हातारबानं माझ्याकडं बघितलं, तरुणानंही बघितलं. उन्हाची टोपी कामाला येईना म्हणून नाक पुसलेला रुमाल काढला आणि तो दोघांच्या हातांवर टाकला.

म्हातारबा बारावरून उतरेना, तरुण अकराच्या वर चढेना. मी मध्ये हात घालून दोघांची बोटं चाचपत होतो, शेळी माझ्या डब्यातली भाकरी खात होती, कडेनं आता दहाबारा माणसं जमली होती आणि प्रत्येकाचं मत वेगळं होतं. तेवढ्यात खिशात फोन वाजला. तो उचलायला माझा एकच हात मोकळा होता.

“बाबा, कसं वाटतंय एकटं?”

“नंतर बोलतो,” मी ओरडून सांगितलं, “साडेअकरावर अडलंय!”