स्टंप नसताना बोल्ड

निन्टेन्डोने डिसेंबर १९८३ मध्ये जपानात 'बेसबॉल' नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आणला. त्याच्या घडणीत मारिओचे जन्मदाते शिगेरु मियामोतो यांचा हात होता. ज्याने एका प्लंबरला मिशी, टोपी आणि राजकन्या मिळवून दिली, त्या कल्पक माणसाच्या कंपनीने बेसबॉलच्या खेळाला नाव काय द्यावं? तर 'बेसबॉल'. पुढे टेनिसच्या खेळाला 'टेनिस' आणि गोल्फच्या खेळाला 'गोल्फ'. एकाही बारशाला आत्या आली नसावी.

ऑक्टोबर १९८५ मध्ये निन्टेन्डोने आपलं यंत्र न्यूयॉर्कमध्ये विकायला मांडलं, तेव्हा हा खेळही सोबत गेला. अमेरिकेचा खेळ जपान्यांनी अमेरिकेलाच विकला, तोही नफ्यात. आमच्याकडे दादरला पोचायला त्याला आणखी बरीच वर्षं लागली आणि तो आला तो निन्टेन्डोला न विचारता. नव्वदच्या दशकात त्या यंत्राच्या नकला गल्लोगल्ली मिळत. आम्ही त्याला 'टीव्ही गेम' म्हणायचो आणि त्यात खुपसायच्या पिवळ्या प्लास्टिकच्या ठोकळ्याला 'कॅसेट'. कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असे. आमच्या वडिलांनी दुकानातच भागाकार केला, एक खेळ काही पैशांत पडतो हे पाहिलं आणि पाकीट काढलं. घरी आल्यावर कळलं, की खरे खेळ मूठभर. बाकी तेच खेळ, नावं बदलून, कुठे दुसऱ्या पायरीपासून तर कुठे सातव्या पायरीपासून. पण मूठभरांत मारिओ होता, रणगाडे होते आणि बेसबॉल होता.

टीव्ही एकच, तोही अण्णांच्या खोलीत. टीव्ही गेमने पिक्चर ट्यूब जाते, अशी त्या काळी घरोघर श्रद्धा होती, त्यामुळे खेळायला परवानगी मिळे ती अण्णांच्या देखरेखीखाली. अण्णा म्हणजे माझे आजोबा. नोकरी कारकुनाची, पण खरा पेशा कांगा लीगच्या स्कोअररचा. १९४८ पासून भर पावसाळ्यात, चिखलाच्या खेळपट्ट्यांवर खेळली जाणारी ही स्पर्धा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तिथल्या स्कोअररचं दुःख सांगायला नको. छत्री खेळाडूंसाठी नसतेच, ती वहीसाठी असते. अण्णांचं मत असं, की मैदानावर जे होतं ती नुसती धावपळ. वहीत जे उतरतं तो सामना. त्यामुळे पहिल्या रविवारी दादाने बेसबॉल सुरू केला आणि अण्णांनी उशीखालून वही-पेन्सिल काढली, तेव्हा आजी म्हणाली, "झालं. आता जेवायला तीन वाजणार."

दादाने क्रिकेटचे संस्कार शिरोधार्य मानून पहिले तीन चेंडू अंदाज घेण्यासाठी सोडले. तिसऱ्याला पडद्यावर 'आउट' आलं.

अण्णांची पेन्सिल थांबली. "कसा?"

"तीन स्ट्राइक, अण्णा."

"स्ट्राइक म्हणजे मारला ना?"

"नाही. सोडला, तरी स्ट्राइक."

"मागे स्टंप कुठायत?"

"स्टंप नाहीत."

"स्टंप नाहीत आणि बोल्ड?" अण्णा उठून बसले. "अरे, आमच्या सुनीलने पंचाहत्तर साली लॉर्ड्सवर एकशे चौऱ्याहत्तर चेंडूंत नाबाद छत्तीस केले. इथे त्याचं काय झालं असतं?"

दादा गणितात पक्का. "भागिले तीन. अठ्ठावन्न वेळा आउट."

"छत्तीस धावा काढल्यात त्याने. तेवढे चेंडू वजा कर की, गाढवा!"

खरं तर अण्णांचा मुद्दा साधा होता. मुंबईत मुलाला बॅट हातात देतात, तेव्हा पहिला धडा चेंडू सोडण्याचा असतो. ऑफ स्टंपाबाहेरचा चेंडू रुबाबात सोडून यष्टिरक्षकाकडे पाहायचं, ही या शहराची संस्कृती. बेसबॉलमध्ये नेमका हाच गुन्हा. फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या हवेत एक न दिसणारी चौकट असते. चेंडू तिच्यातून गेला आणि तुम्ही उभे राहिलात, की स्ट्राइक. चौकटीबाहेरून गेला तर 'बॉल'. असे चार बॉल झाले, की फलंदाज बॅट टाकून चालत पहिल्या बेसवर जातो. यावर अण्णा म्हणाले, "म्हणजे चार वाईडवर धाव नाही, पण फलंदाजाला फिरायला पाठवतात."

मग फाउल. दादाने एक चेंडू अगदी उशिरा, नाजूकपणे मागे वळवला. विजय मर्चंटांचा लेट कट ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला, त्या अण्णांच्या तोंडून "वा!" निघालं आणि पडद्याने तो फाउल ठरवला. बेसबॉलमध्ये मैदान फक्त समोर असतं. दोन रेषांच्या बाहेर, पाठीमागे, पायांजवळून जे काही जाईल ते रद्द. क्रिकेटमधली निम्मी नजाकत या नियमाने एका फटक्यात गटारात जाते. अण्णांनी वहीत त्या चेंडूपुढे कंसात 'अन्याय' लिहिलं.

पण याच नियमात त्यांना मुंबईला जागा सापडली. पहिले दोन फाउल स्ट्राइक म्हणून मोजतात. त्यानंतर कितीही फाउल मारा, फक्त कुणी झेलू देऊ नका, फलंदाज जिवंत. हे कळल्यावर अण्णांचा चेहरा उजळला. "मग घाई कसली? याला दमवू." त्या दुपारी दादाने अण्णांच्या हुकमावरून फाउलमागून फाउल मारले. खऱ्या बेसबॉलमध्येही चिवट फलंदाज हेच करतात, पिचरचे चेंडू वाढवतात, त्याचा हात भरून येतो आणि कर्णधार... कर्णधार नव्हे, मॅनेजर त्याला बदलतो. निन्टेन्डोच्या पिचरला मात्र हात भरून येणं ठाऊक नव्हतं. तो त्याच चेहऱ्याने टाकत राहिला. भरून आला तो दादाचा अंगठा.

आमची पिचिंगची पाळी आली, की सूत्रं माझ्याकडे. खालचं बटण दाबून टाकला तर चेंडू वेगात, वरचं दाबलं तर संथ, डावी-उजवी दाबली तर वळतो. इतकं सोपं, की दोन डावांत मी स्वतःला कपिल समजायला लागलो. गोची पुढे होती. फटका बसला, की क्षेत्ररक्षक आपोआप धावत. आपल्या हातात काहीच नसे. चेंडू डावीकडे, आपला माणूस त्याच्या मागे सावकाश, कुठल्याही घाईत नसलेला, आणि आपण रिमोट गच्च आवळून ओरडतोय. चेंडू त्याच्या हातात आला, की मगच आपली अक्कल चालणार: उजवं बटण म्हणजे पहिला बेस, वरचं दुसरा, डावं तिसरा, खालचं होम. चार दिशा आणि चार घरं लक्षात ठेवायला कठीण नव्हती, पण पळणारा माणूस दुसऱ्या बेसवर पोचत असताना माझा चेंडू हटकून पहिल्या बेसवरच्या माणसाकडे जाई आणि तो माणूस चेंडू हातात घेऊन नुसता उभा राही.

आजी हे सगळं वाटाणे सोलत पाहत होती. तिला चौकोन आधी कळला. "घरातून निघायचं, तीन दारांना हात लावायचा आणि परत घरी यायचं, होय ना? मी रोज सकाळी दूध, भाजी आणि रेशन करून येते. मला नाही कुणी एक धाव दिली."

"वहीत नाव हवं," अण्णा म्हणाले.

आणि अडलं ते नावावरच. त्या खेळात खेळाडूंना नावं नव्हती. संघांनाही नव्हती, सी, डी, जी, एस, टी, डब्ल्यू अशी नुसती अक्षरं. ही अक्षरं जपानच्या सेंट्रल लीगमधल्या सहा संघांची, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि त्या संघांची हकिगत खेळापेक्षा रंजक निघाली. 'जी' म्हणजे जायंट्स, मालक योमिउरी वृत्तपत्र. 'डी' ड्रॅगन्स, मालक चुनिची हेही वृत्तपत्रच. 'टी' टायगर्स, मालक हान्शिन ही रेल्वे कंपनी. 'एस' स्वॉलोज, मालक याकुल्ट, म्हणजे आपल्याकडेही आता फ्रीजमध्ये दिसणाऱ्या त्या इवल्या बाटल्या. 'डब्ल्यू' व्हेल्स, तेव्हाचा मालक तायो ही मासेमारीची कंपनी, म्हणून नाव देवमाशाचं. आणि 'सी' म्हणजे हिरोशिमाचे कार्प. जायंट्स म्हणजे राक्षस, मग ड्रॅगन, वाघ आणि त्यांच्यासमोर गोड्या पाण्यातला मासा. हिरोशिमाच्या किल्ल्यालाच कार्पचा किल्ला म्हणतात, त्यावरून हे आलंय. तरी वाघासमोर मैदानात उतरताना त्या मुलांना काय वाटत असेल? कंपनीच्या नावाने संघ, याचं मुंबईकराला नवल नाही. कंपन्यांच्या टाइम्स शील्ड स्पर्धेत बँका, गिरण्या आणि रंगाचे कारखाने एकमेकांना फॉलोऑन देत आलेत, गावस्कर निर्लॉनचे.

अण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्यापुढे नऊ सारखी माणसं, सारखी टोपी, सारखं तोंड. वहीत 'सी संघाचा तिसरा' असं लिहिणं त्यांच्या तत्त्वात बसेना. मग त्यांनी सरळ आपल्या कचेरीचा हजेरीपट उतरवला. पिचर परांजपे, कारण ते साहेबांकडे कागद भिरकावत. कॅचर सामंत, कारण आयुष्यभर दुसऱ्याचं टाकलेलं झेललं. पहिल्या बेसवर डिसोझा. शॉर्टस्टॉप करमरकर. हा शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असतो, सगळ्यात जास्त धावपळ त्याला. आणि करमरकर, अण्णांच्या शब्दांत, चहा आला तरी उठत नसत. त्यानंतर आमच्या घरात बेसबॉलला वेगळाच रंग आला. "करमरकर, अहो उठा!" असं अण्णा पडद्याकडे पाहून ओरडत आणि करमरकर, त्या एकाच वेळी, खरंच धावत.

पुढे वाचनात आलं, की बेसबॉलच्या व्हिडिओ गेमचं सगळं जग याच पेचात सापडलेलं होतं. खेळाडूंची खरी नावं वापरायला खेळाडूंच्या संघटनेचा परवाना लागतो आणि परवान्याला पैसे. १९९४ मध्ये निन्टेन्डोने केन ग्रिफी ज्युनियरच्या नावाने खेळ काढला, त्यात खऱ्या नावाचा खेळाडू एकटा ग्रिफी. बाकी सगळे बनावट. 'एमव्हीपी बेसबॉल २००५'मध्ये बॅरी बॉन्ड्स नव्हता, कारण त्याने आपल्या नावाचा व्यवहार संघटनेच्या हातून काढून घेतला होता. त्याच्या जागी जॉन डाउड नावाचा गोरा गृहस्थ आला. कृष्णवर्णीय बॉन्ड्सचा रंग बदलला, फटके तसेच ठेवले. आणि १९९५ मध्ये जपानात निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम यंत्रावर आलेल्या 'फायटिंग बेसबॉल'ने तर कमाल केली. अमेरिकन नावं हवीत, पण खरी नकोत, म्हणून कुणीतरी बसून ती घडवली. स्लीव्ह मॅकडायकल. बॉबसन डगनट. माइक ट्रक. टॉड बॉन्झालेझ, ज्याच्या आडनावातला 'ग' वाटेत हरवला. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तो जपानी माणूस डोळ्यांपुढे आला. संध्याकाळ झालीय, साहेब घाई करतोय, आणि हा पेन्सिल चावत अजून एक अमेरिकन शोधतोय. त्याच्याकडे अण्णांसारखी कचेरी असती, तर त्याने डगनट कशाला लिहिला असता!

आणखी एक गोष्ट अण्णांना सांगता आली असती तर मजा आली असती. बेसबॉलच्या वहीची पद्धत घडवली ती हेन्री चॅडविक नावाच्या माणसाने. जन्म १८२४, इंग्लंडातल्या एक्सेटरचा. लहानपणी अमेरिकेत गेला आणि तिथे वर्तमानपत्रांना बातम्या द्यायचा त्या क्रिकेटच्या. म्हणजे बेसबॉलला वही मिळाली ती क्रिकेटवाल्याकडून. तीन स्ट्राइकवर बाद झालेल्याला तो 'के' लिहायचा आणि जगभर आजही 'के'च लिहितात. अण्णांच्या वहीत त्या जागी 'बो.' आहे, पुढे गोलंदाज परांजपे, आणि खाली बारीक अक्षरात 'स्टंप नसताना'. चॅडविकने ही नोंद पाहिली असती, तर ग्राह्य धरली असती, अशी माझी खात्री आहे.

आता आमच्या पुतण्याकडे 'एमएलबी द शो' आहे. त्यात प्रत्येक खेळाडूला खरं नाव, खरी दाढी आणि बॅट फिरवण्याची त्याची स्वतःची लकब. परवाने सगळे जागच्या जागी. समालोचकांना प्रत्येकाचं सगळं ठाऊक. मला त्यात लिहायला काही उरलेलं नाही, म्हणून मी थोडा वेळ पाहून कंटाळलो. पण त्यात आपला स्वतःचा खेळाडू घडवता येतो, हे कळल्यावर मी रिमोट मागून घेतला. आडनाव करमरकर. जागा शॉर्टस्टॉप. पोट भरपूर. मग गुणांच्या पट्ट्या आल्या आणि वेगाची पट्टी मी डावीकडे जाईल तितकी नेली.

"काका, एवढा स्लो शॉर्टस्टॉप कुठलीच टीम ठेवणार नाही," पुतण्या म्हणाला. "दोन दिवसांत काढतील."

"करमरकरांना?" मी म्हटलं. "अरे, तीन साहेब रिटायर झाले, पण करमरकरांची एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर बदली करून दाखवली नाही कुणी."