जॉली बॉयची बाटली

अंदमानात सेल्युलर जेलपुढे नतमस्तक होऊन झालं, की मराठी सहलकरी वंडूरच्या जेटीवर हजर. इथलं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ सालचं. बेटं १५, पण पर्यटकाच्या वाट्याला त्यातलं एखादंच: जॉली बॉय. पावसाळ्यात त्याला सुट्टी, तेव्हा रेड स्किनची पाळी.

जेटीवर प्लास्टिकच्या शोधात पिशव्यांची झडती होते. वेफर्सची पाकिटं, चकलीची पिशवी, सगळं बाहेर. पाण्याच्या बाटलीसाठी अनामत भरायची. येताना बाटली दाखवली की पैसे परत. मग ती बाटली तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली जाते. एरवी घाटात हीच गाडीच्या खिडकीतून भिरकावली असती!

काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ दिसतात. काही पांढरेफटक. पाणी तापलं की प्रवाळ पेशींतलं रंगीत शैवाल बाहेर टाकतात. २०१० साली इथे हे मोठ्या प्रमाणावर घडलं. होडीत मात्र 'पांढरे फोटोत उठून दिसतात' यावर एकमत.

किनाऱ्यावर काकांना शोकेससाठी प्रवाळाचा तुकडा हवा असतो. वन्यजीव कायद्यात प्रवाळ वाघाच्याच अनुसूचीत आहे, असं गाइड बजावतो.

"बरं," काका म्हणतात, "मग छोटा घेतला तर?"