तीन टिचक्यांचे गुपित

लिंबागणेशच्या भालचंद्र गणपतीला दंडवत घालून पारावर टेकलेले एक वयोवृद्ध गृहस्थ, चष्मा घरी राहिल्यामुळे, मोबाइलवरील सातबाऱ्यातले क्षेत्र वाचून देण्यासाठी माझी मनधरणी करीत होते. वस्तुतः भिंग त्यांच्या मुठीतच निद्रिस्त होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीने तलाठ्याचे दप्तर खातेदाराच्या बंडीत कोंबले खरे, परंतु अँड्रॉइडच्या सुलभता नामक अडगळीत एक कळ फिरविली की पडद्यावर तीन टिचक्या मारताच अक्षरे फुगतात, ही वर्दी देण्याचे कोणासही स्मरले नाही. मी ती कळ फिरविली. गृहस्थांनी टिचक्या मारल्या, हेक्टर-आर कोहळ्याएवढे झाले, आणि क्षणभर प्रसन्न होऊन ते चिंतातुर स्वरात म्हणाले, “ब्येस झालं, मास्तर, पण बॅटरीचं बटन कुठं गेलं?”