सिद्धगड अभी दूर है

शहापूर-मुरबाडकडच्या पोरांची 'देवदर्शन आणि देशदर्शन' सहल दिल्लीला निघते. आसनगावहून लोकल, कल्याणहून पंजाब मेल, डब्यात चपाती-चटणी. अक्षरधामात मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, म्हणून तिथे हात आपसूक जोडले जातात. राजघाटावर मोबाइल परत हाती आलेला असतो. तिथे गांधीजींकडे पाठ करून सेल्फी. इंडिया गेटवर १३ हजारांवर शहीद सैनिकांची नावं. पोरं मान वर करून दोन वाचतात आणि कुल्फीवाल्याकडे वळतात.

परतल्यावर मी एकाला विचारलं, "२ जानेवारी १९४३ ला स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील कुठे हुतात्मा झाले रे?"

"दिल्लीलाच असेल, काका!"

अरे, सिद्धगड आपल्याच मुरबाड तालुक्यात! सहलीचे गुरुजी हसून म्हणाले, "इतक्या जवळ सहल काढली तर पालक पैसे देतील का?"