अकरा महिन्यांचं बिऱ्हाड

भाड्याच्या घराचा करार 11 महिन्यांचाच का? 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षापुढच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून लोक महिनाभर अलीकडेच थांबू लागले. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. पळवाट बुजली, सवय उरली. त्यामुळे खोक्यांची चिकटपट्टी सुटायच्या आत आमची पुन्हा बांधाबांध! गेल्या खेपेची तीन खोकी तर अजून तशीच आहेत. वर स्केचपेनने ‘महत्त्वाचे’ लिहिलंय. आत काय, ते मला माहीत असेल असं बायकोला वाटतं, मला वाटतं तिला. सामान बांधणारा पोरगा मात्र कर्तव्यदक्ष. कचऱ्याची बादली त्याने कचऱ्यासकट बबल रॅपमध्ये गुंडाळली आणि आईच्या लोणच्याची बरणी गाद्यांमध्ये आडवी ठेवली.