जल, तरू, तृण, काष्ठ आणि बोका

गावठाणातील जुने घर विकायला काढणे हा वरकरणी आर्थिक व्यवहार दिसत असला, तरी त्याचे खरे स्वरूप शुद्धीकरणविधीचे असते, आणि ज्या घरात कुत्रा, बोका, शेळी किंवा गाय नांदत असते तेथे हा विधी सोवळ्यापेक्षाही कडक पाळला जातो. ‘घर दाखवण्यालायक करणे’ या नावाने परिचित असलेल्या या विधीची व्याख्या अशी करता येईल : ज्या घरात माणसे आणि जनावरे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्या घरात कधी कोणी राहिलेच नव्हते असा आभास गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत टिकवून धरण्याची खटपट. निफाड तालुक्यातील गोदाकाठचे सायखेडा या विधीच्या अभ्यासाला विशेष सोयीचे आहे, कारण तेथील घरमालकाजवळ झाकण्यासारख्या दोन गोष्टी असतात, एक चार पायांची आणि दुसरी बिनपायांची, आणि बिनपायांची गोष्टच घरात अधिक आतवर शिरते.

या विधीचे मूळ तत्त्व सायखेडेकरांना कोणी शिकवावे लागत नाही. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार गावातच असल्याने ट्रॉलीच्या वरच्या थरात कोणता कांदा यावा आणि गोल्टी, म्हणजे लहान आकाराचा माल, कोठे विसावावी, याचे ज्ञान येथे लहानपणीच होते. व्यापारीही तितकाच मुरलेला असल्याने तो बोली लावण्यापूर्वी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालतो, आणि एवढ्यावर समाधान झाले नाही तर माल खळ्यावर खाली होताना पुन्हा हुज्जत घालतो. घराच्या बाबतीत मात्र हाच चाणाक्ष माणूस वरचा थर पाहूनच इसार देतो. इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून आगाऊ दिलेली रक्कम. पाच क्विंटल कांद्याला लावली जाणारी कसोटी पन्नास वर्षांच्या घराला का लागत नाही, हा अर्थशास्त्राला अद्याप न सुटलेला प्रश्न आहे.

विधीची पहिली पायरी वासाची होय. सततच्या वासाची जाणीव नाकाला काही वेळातच होईनाशी होते. या गुणाला घ्राण-अनुकूलन म्हणतात, आणि त्यामुळेच बोक्याचा वास घरातल्या माणसांखेरीज सर्वांना येतो. त्यावर उपाय म्हणून शेजाऱ्याला बोलावून वास घ्यायला लावण्याची पद्धत शास्त्रशुद्ध असली, तरी गावात शेजारी हेच बहुधा दुसरे इच्छुक गिऱ्हाईक असल्याने त्याचे नाक गरजेपेक्षा जास्त तिखट असते. मांजराच्या मूत्रातील यूरिक आम्ल वाळल्यावर त्याचे स्फटिक बनतात, ते साध्या पाण्याने सहसा विरघळत नाहीत, आणि हवेत दमटपणा आला की जुना वास नव्या जोमाने उठतो. म्हणून त्यावर विकरयुक्त, म्हणजे घाणीचे रासायनिक विघटन करणारे, द्रावण वापरावे लागते. याउलट घरोघरी जी फिनेलची बाटली उपडी केली जाते तिने वासावर वास चढतो एवढेच, शिवाय फिनॉलवर्गातील रसायने पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात दुबळी असल्याने ती त्याला विषासमान ठरतात. कपाटातून दरवळणाऱ्या डांबरगोळ्या कुत्र्यामांजरांना तितक्याच घातक असतात. घर शुद्ध करता करता घरातला जीव जायचा, ही या विधीतील ज्ञात जोखीम असून तिची नोंद कोणत्याही इसारपावतीत होत नाही.

दुसरी पायरी नखांची. सागवानी दाराच्या खालच्या फळीवर, जमिनीपासून साधारण वीतभर उंचीपर्यंत, कुत्र्याने दहा वर्षे रोज पहाटे बाहेर जाण्यासाठी केलेले अर्ज उभ्या रेघांच्या लिपीत कोरलेले असतात. त्यांवर लांबी भरून पॉलिश मारले की अर्ज निकाली निघाले असे समजण्यात येते. अर्जदाराची रवानगी तोपर्यंत मळ्यातल्या वस्तीवर होते. निफाडच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर असून कुत्रे हे त्याचे सहज साधणारे भक्ष्य असल्याने, ज्याच्या भरवशावर घरमालक इतकी वर्षे निर्धास्त झोपला तो राखणदार घराला चांगला भाव यावा म्हणून रात्रभर उसाच्या बांधावर जागा राहतो. राखणीचा हा शेवटचा हप्ता होय आणि त्याची पावती मिळत नाही.

तिसरी पायरी शब्दांची असून ती मध्यस्थ, म्हणजेच पूर्वीचा दलाल आणि हल्लीचा एजंट, पार पाडतो. त्याच्या परिभाषेत गोठ्याचे ‘पार्किंग’ होते, गव्हाणीला ‘बसायचा कट्टा’ हे पद मिळते, खुराड्याची जागा ‘स्टोअर’ म्हणून मिरवते, आणि दावणीचा खुंटा उपटल्यावर उरलेल्या खड्ड्यात तुळस लावून तिला ‘लँडस्केप’ म्हणतात. नाशिकला २०२७ साली भरणाऱ्या सिंहस्थाचा उल्लेख या परिभाषेत प्रत्येक तिसऱ्या वाक्यात येतो. कुंभाचे पाणी रामकुंडावरून पुढे वाहत सायखेड्यालाच येते, ही भौगोलिक वस्तुस्थिती मात्र चौथ्या वाक्यातही येत नाही.

येथवर झाकलेल्या गोष्टी सजीव होत्या. आता कायदा काय उघड करायला सांगतो ते पाहणे उद्बोधक ठरेल. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला ठाऊक नसलेला, आणि सामान्य दक्षता घेऊनही त्याला शोधता न येणारा मिळकतीतील महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, आणि तो दडवणे कपट मानले जाते. बोका हा या अर्थाने दोष ठरतो काय, याचा विचार केल्यास उत्तर नकारार्थी येते, कारण तो दडवला तरी सामान्य दक्षतेने सापडतो, आणि दक्षता न घेतल्यास आपण होऊन मांडीवर येऊन बसतो. पूररेषेचे तसे नाही. नदीकाठी दोन पूररेषा आखतात : सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषा नकाशावर असतात. तिसरी रेषा घराच्या भिंतीवर असते, तिचा रंग गढूळ असतो आणि सरासरी काढण्याइतका धीर नदी तिच्या बाबतीत दाखवीत नाही. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षांच्या ऑगस्टमध्ये पाणी सायखेड्यात आणि पैलतीरावरच्या चांदोरीत शिरले होते.

यामागची कारणे गावातल्या पोरांनाही पाठ असतात. गंगापूर आणि दारणा या धरणांतून सोडलेले पाणी याच वाटेने येते, खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा, म्हणजे मागे तुंबलेले पाणी, वर्षानुवर्षांचा गाळ बाळगून असतो, आणि वाहत आलेल्या पाणवेली सायखेड्याच्या पुलाला अडकून बसतात. त्याच फुगवट्यावरच्या पक्षी अभयारण्याला २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असा मान जाहीर झाला. पाण्याने पसरावे ही त्या जागेची पात्रता ठरली. तेच पाणी माजघरात पसरले की विक्रेता त्याला मान मिळवून देण्याऐवजी डिस्टेंपरचे दोन हात देतो. नाशकात पुराची उंची दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून सांगण्याची रीत आहे. पाणी कमरेला लागले, छातीला लागले, असे ते मोजमाप असते. गावठाणातल्या घराला असा मारुती नसल्याने तेथे ते काम भिंत करते, आणि भिंतीला बोलू न देणे हेच रंगाऱ्याचे खरे कंत्राट असते.

पण भिंत बोलतेच. पुराचे पाणी मुरलेल्या मातीच्या किंवा विटांच्या भिंतीत क्षार विरघळून राहतात, भिंत सुकताना ते पृष्ठभागाकडे येतात, तेथे त्यांचे स्फटिक फुगतात आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. याला लोणा लागणे म्हणतात. म्हणजे बोक्याची खूण आणि गोदावरीची खूण या दोन्ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने भाऊबंद ठरतात : दोन्ही स्फटिकरूपाने दडून राहतात आणि दोन्ही दमट हवेत तोंड वर काढतात. म्हणूनच अनुभवी विक्रेता घर दाखवण्याचा मुहूर्त दिवाळी ते गुढीपाडवा या कोरड्या काळातला धरतो. त्या दिवसांत बोका निर्गंध असतो आणि नदी पात्रात असते.

प्रत्यक्ष पाहणीचा प्रसंग या दृष्टीने निरखण्यासारखा असतो. गिऱ्हाईक ओसरीत येते, नाक वर करून दोनदा हुंगते, आणि मालकाला विचारते, “आबा, मांजर आहे का हो घरात?” आबा शेजारच्या घराकडे बोट दाखवतात. त्याच वेळी माजघरातल्या कोनाड्यात, पुरुषभर उंचीवर, डोळे किलकिले करून बोका बसलेला असतो. त्याच्या शेजारी रेशनकार्डाची पिशवी, बाजूच्या फळीवर धान्याची कोठी आणि त्याहून वर विजेचे बोर्ड असते. घरातली एकही मोलाची वस्तू गुडघ्याखाली का येत नाही, याचे उत्तर त्या एका भिंतीवर उघड मांडलेले असते. गिऱ्हाईकाची नजर बोक्यावर पडते, ते विजयाने हसते, मांजराच्या केसांनी सर्दी होते या मुद्द्यावर पंचवीस हजार कमी करून घेते, आणि दुसऱ्याचे खोटे पकडल्याच्या समाधानात मोठे खोटे विकत घेते. शासनाच्या स्वामित्व योजनेत, जी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली, गावठाणाची मोजणी ड्रोनने होते. ड्रोनला छप्पर अचूक दिसते, परंतु कोनाडा किती उंचावर आहे हे पाहण्याची सोय त्यात नाही.

सौदा झाल्यावर प्राण्यांचे काय होते, हे सांगून विवेचन पुरे करता येईल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा असून पहिल्या खेपेचा दंड १० ते ५० रुपये आहे, म्हणजे ज्या फिनेलने बोक्याला घालवले त्याच्या बाटलीहून गुन्हा स्वस्त पडतो. कुत्रा माणसाला धरून असतो आणि मांजर घराला, असे गावात म्हणतात. त्यामुळे कुत्रा नव्या जागेत मालकाच्या पायाशी निमूट पडतो आणि बोका आठवड्याच्या आत जुन्या कोनाड्यात हजर होतो. नवा मालक त्याला फसवणूक म्हणतो, पण ही तक्रार टिकणारी नाही. खरेदीखताच्या जुन्या वळणानुसार मिळकत ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप व तदंगभूत वस्तूंसह’ दिली जाते. निक्षेप म्हणजे पुरून ठेवलेले धन आणि तदंगभूत म्हणजे त्या मिळकतीचेच अंग बनून गेलेले, अशी या शब्दांची फोड आहे, आणि कोनाडा न सोडणाऱ्या बोक्याला हे दुसरे विशेषण तंतोतंत लागू पडते. दुय्यम निबंधकासमोर हा मजकूर कोणी वाचत नाही, दोन्ही पक्ष अंगठा आणि फोटो देऊन बाहेर चहाला जातात. वाचला असता तर सर्वांनी मिळून एवढ्या शिताफीने झाकलेली गोष्ट विक्रेत्याने सहीनिशी लिहून दिली होती, आणि तीही यादीत सर्वांत आधी, हे ध्यानात आले असते. नव्या मालकाला ते श्रावणात कळते, आणि तेव्हा तो रेशनकार्डाची पिशवी घेऊन बोक्याला थोडे सरकायला सांगतो.